संदर्भ द्यावा

कचेरीत दुपारी दीपमालानं डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला, आणि तो तुकडा हातातच राहिला. गावाच्या गटावर सकाळपासून लोक बोंडअळीचे फोटो टाकत होते. चिरलेलं हिरवं बोंड, आत गुलाबी अळी. कोणाच्या शेतातली अळी मोठी याची जणू चढाओढ लागली होती. त्या सगळ्या अळ्यांच्या खाली विक्कीनं, म्हणजे सावरटेकच्या मुलींच्या शाळेच्या तरुण सचिवानं, एक लिंक टाकली होती आणि खाली दोन हात जोडले होते. आपल्या शाळेचं पान आता इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आलं आहे, अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा. दीपमालाला अभिमान वाटायचं काडीचं कारण नव्हतं, तरी बोट गेलं. 'सावरटेक येथील मुलींच्या शाळेची स्थापना शिक्षणमहर्षी कै. पंजाबराव यांनी आपल्या कापसाच्या गोदामात केली. त्या काळी पालक मुलींना शाळेत पाठवण्यास तयार नसत. पंजाबरावांनी घरोघरी जाऊन मुली गोळा केल्या.' घरोघरी. तो एकच शब्द तिनं पुन्हा वाचला, मग पुन्हा. बौद्धवस्तीच्या आधी जो नाला लागतो, त्या नाल्यापलीकडं पंजाबरावानं मरेपर्यंत पाय ठेवला नव्हता. मतं मागायलासुद्धा तो अलीकडं जीपमध्येच बसून राहायचा आणि माणसं पाठवायचा. घरोघरी हिंडली होती ती तिची माय. समोरच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं, भाजी तिखट झाली का. दीपमाला हो म्हणाली आणि तिनं डबा बंद केला.

छप्पन साली तिचे आजोबा, उकंडा, नागपूरला दीक्षेला गेले आणि परत आले ते पोरीसाठी पाटी घेऊनच. त्या पाटीवर तिची माय, तुळसा, सातवी पास झाली, आणि लग्न होऊन सावरटेकला आली तेव्हा त्या वस्तीत पत्र वाचून दाखवणारी दुसरी बाई नव्हती. सासूच्या अंगणात तिनं पोरी बसवायला सुरुवात केली. वस्तीतल्या पोरी, मग तांड्यावरच्या, मग बशीर टेलरची जमिला. कोणी निंदणाला जायची, कोणी लहान भाऊ कडेवर घेऊन यायची. तुळसाबाई सकाळी स्वतः फिरून एकेकीला चुलीपासून उठवून आणायची. पंजाबरावाला तेव्हा शाळा काढायची होती. गोदाम होतं, पाटी रंगवून झाली होती, फक्त शिकणाऱ्या पोरी नव्हत्या. आता तपासणीच्या दिवशी पोरं उसनी आणायची ही आपल्याकडची जुनी रीत. शेजारून वाटीभर साखर आणावी तशी आणायची आणि साहेब गेला की ज्याची त्याला परत करायची. पंजाबरावाचा माणूस नाल्यापलीकडं आला आणि म्हणाला, बाई, साहेबाले तुमचं शिकवणं पाहाचं आहे, पोरी घेऊन या. तुळसाबाईनं पांढरं पातळ नेसलं. पोरींच्या डोक्याला तेल लावून, वेण्या घालून, रांगेनं त्यांना गोदामात नेलं. आत कापसाची तूस उडत होती, पोरी शिंका देत होत्या आणि शिंका देत देतच पाढे म्हणत होत्या. साहेब खूश झाला. कोण शिकवतं, असं त्यानं विचारलं तेव्हा तुळसाबाई दाराजवळ उभी होती आणि पंजाबराव म्हणाला, आपलीच शाळा आहे साहेब. उसन्या आणलेल्या पोरी त्यानं परत केल्याच नाहीत. शाळेला मान्यता मिळाली, मास्तरणीच्या जागेवर त्याची भाची आली कारण तुळसाबाईचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं, आणि तुळसाबाईला त्याच शाळेत शिपाईण म्हणून ठेवलं. बाईला उपाशी मरू दिलं नाही, असं पंजाबराव पुढं चारचौघांत सांगत असे.

हे सगळं दीपमालाला मायनं कधी सांगितलं नव्हतं. थोडं बापानं दारूच्या भरात, थोडं जमिलानं, आणि बाकीचं तिनं स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, कारण ती त्याच शाळेत शिकली. बाकावर ती बसलेली असायची आणि माय बाकांच्या मधून झाडू मारत जायची. दीपमाला पाय वर उचलायची, सगळ्याच पोरी उचलायच्या, झाडू खालून निघून जायचा. भाचीबाई वाचन घेता घेताच हाक मारायची, तुळसे, पाणी. पाणी आणून झालं की माय खिडकीबाहेर उभी राहायची, आणि आत कविता चालली असेल तर तिचे ओठ हलायचे, आवाज न करता. ते हलणारे ओठ दीपमालाच्या पोटात जाऊन बसले होते. ती यवतमाळला शिकली, परीक्षा देऊन सरकारी कचेरीत लागली, लग्नाचं जमलं नाही आणि मग तिनं जमवलंही नाही, मायला घेऊन आली. पण पोटातलं ते काही हललं नाही. पंजाबराव मेल्याची खबर आली तेव्हा भाऊ गोविंदा म्हणाला, गेला बुढा, सुटला. दीपमालाला मात्र कोणीतरी ताट ओढून घेतल्यासारखं वाटलं होतं. सूड घ्यायचा तर माणूस जिवंत लागतो. आता तो या पानावर आला होता, महर्षी होऊन, हार घालून, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पान कोणीही संपादित करू शकतं.

कोणीही. कचेरीत तीस वर्षं काढलेल्या बाईला हा शब्द खरा वाटेना. कोणीही म्हणजे कोण, अर्ज कुठं करायचा, सही कोणाची लागते? तिनं घरी येऊन, चहासुद्धा न पिता, बोट लावून पाहिलं, तर पान खरोखरच उघडलं, दार नुसतं लोटलेलं असावं तसं. स्वतःचं नाव द्यायची छाती झाली नाही. सावरीच्या झाडाला काटे असतात, आणि गावाचं नाव सावरीवरूनच पडलेलं, म्हणून तिनं 'सावरीचा काटा' हे नाव घेतलं. पंजाबराव खोडला. महर्षी खोडला. तिथं लिहिलं की ही शाळा तुळसाबाईंनी आपल्या अंगणात सुरू केली आणि पंजाबरावांनी ती तपासणीच्या दिवशी उसनी घेतली. लिहून झाल्यावर तिला असली भूक लागली की सकाळची गार पोळी तिनं लोणच्याबरोबर उभ्यानं खाल्ली. माय पलंगावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं विचारलं, आज लय खुशीत हायेस, बढती भेटली काय. भेटल, असं दीपमाला म्हणाली आणि तिला आपल्या आवाजाचंच हसू आलं.

संध्याकाळी पंजाबराव परत आला होता. 'कपाशीचं फूल' नावाच्या कोणीतरी त्याला जसाच्या तसा उभा केला होता आणि खाली कारण दिलं होतं, संदर्भ द्यावा ही विनंती. दीपमालानं पुन्हा खोडलं. फुलानं पुन्हा लिहिलं. मग त्या ज्ञानकोशाची राखण करणारा कोणी प्रचालक मध्ये पडला आणि त्यानंही तेच सांगितलं : येथे ऐकीव माहिती चालत नाही, संदर्भ द्यावा. पंजाबरावाला संदर्भ होता. संस्थेनं स्वतःच्या पैशानं छापलेली स्मरणिका होती, तीत पंजाबरावाचा फोटो, फेटा आणि घरोघरी जाणं, सगळं होतं. अंगणाला कसला संदर्भ असणार? तिनं बोरी अरबला जमिलाला फोन लावला. जमिला म्हणाली, हव, आम्हाले तुळसाबाईनंच शिकवलं, खुदाकसम. पण माह्यं नाव नको टाकू माय, माही नात त्याच शाळेत लागून राह्यली. दीपमालानं फोन ठेवला. तिला जमिलाचा राग आला नाही. राग ठेवायला तिच्याजवळ एकच जागा होती आणि ती पंजाबरावानं भरलेली होती.

मग तिनं लिहायचं सोडलं आणि नुसतं खोडायला लागली. त्या दिवसांत यवतमाळात दुसरी बोलणी नव्हती. फवारणी करता करता माणसं शेतात कोसळत होती, दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांच्या बायका बसलेल्या असत, कचेरीत साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे औषधाबद्दलच बोलत. दीपमाला मान हलवायची आणि टेबलाखाली मोबाइल धरून खोडायची. बसमध्ये खोडायची. कुकरची शिटी व्हायची वाट पाहत खोडायची. तिला त्याची चव लागली होती. पंजाबराव हा शब्द काळा व्हायचा आणि बोटाखाली नाहीसा व्हायचा, आणि तेवढ्या वेळापुरती, म्हणजे फूल जागं होईपर्यंत, ती शाळा कोणाचीच नसायची. हे फूल म्हणजे कोण हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. विक्की. पंजाबरावाचा नातू. गार कॅबिनमध्ये, बोटात अंगठ्या, मागं आजोबाची तसबीर, समोर टेबलावर मोबाइल. त्याची भाषा शाळकरी आणि अतिनम्र होती, 'आपणांस नम्र विनंती', 'कृपया गैरसमज नसावा'. ती वाचून तिचं डोकं जास्तच फिरायचं, कारण आजोबाही असाच गोड बोलून गोदामात घेऊन गेला होता. पानाला जोडून चर्चेची जागा होती. तिथं तिनं एक दिवस मनातलं सगळं ओकून टाकलं. तुझ्या खानदानानं चोरी केली आणि तुला पुसायला शिकवलं, असं लिहिलं. ज्याला स्वतःचं गाव कळत नाही त्यानं लेखणी हातात घेऊ नये, असं लिहिलं. आणि विक्कीची थकलेली आजी तिच्या डोळ्यांसमोर आली, पंजाबरावाची बायको, जिनं हे सगळं पडद्याआडून पाहिलं होतं. म्हणून शेवटी लिहिलं, एवढीच खऱ्याची चाड असेल तर जा, आपल्या आजीला विचार शाळा कोणी काढली. ती तुझ्या तोंडावर थुंकेल. दोन दिवस फूल गप्प राहिलं. दीपमालाला वाटलं, लागला घाव.

दिवाळीच्या सुट्टीत सावरटेकहून भावाची, गोविंदाची, उर्वशी राहायला आली होती. नववीतली पोर, अंगानं किडकिडीत, येताच आत्या जयभीम म्हणून पाया पडली आणि दिवसभर आजीच्या पलंगावर ठाण मांडून बसली. दीपमाला स्वयंपाकघरात होती आणि बाहेर दोघींचं काहीतरी कुजबुज, हसणं चाललं होतं. उर्वशी आपल्याशी मात्र कधी नव्हे इतकी गप्प वाटते, असं तिच्या मनात आलं आणि चकली तळताना निघून गेलं. पोर गावी गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी तिनं पान उघडलं तर पंजाबराव पुन्हा उभा, आणि या वेळी त्याच्या पायाशी नवा संदर्भ. 'तुळसाबाई, शाळेच्या पहिल्या सेविका, प्रत्यक्ष मुलाखत, चित्रफीत.' प्रचालकानं खाली लिहिलं होतं, दोन्ही संदर्भ एकमेकांना दुजोरा देतात, वाद संपला असे समजावे. दीपमालानं चित्रफीत लावली. तिचाच पलंग होता. तिचीच निळी चादर. मागं तिच्या घरातला बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्याखाली तिची माय, पदर नीट घेऊन, मोबाइलकडं न बघता जरा बाजूला बघत. आणि उर्वशीचा आवाज, आजी, खरं खरं सांग, आपली शाळा कोणी काढली? माय म्हणाली, पंजाबराव पाटलानं. मोठा माणूस. म्या तिथं शिपाईण होती, पह्यल्या दिवसापासून.

तिनं चर्चेची जागा उघडली. तिथं फुलानं लिहिलं होतं. 'मी नववीत शिकते. आमच्या आमिर सरांनी आम्हा मुलींना हे पान लिहायला दिलं आहे, जिचं लिखाण टिकेल तिला जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवणार आहेत. तुम्ही मला खूप वाईट बोललात. मी दोन दिवस जेवले नाही. पण तुम्ही म्हणालात आजीला विचार, म्हणून मी आजीला विचारलं.' दीपमालानं ते वाचलं आणि तिचे कान तापले. खानदान. चोरी. पुसायला शिकवलं. एकेक शब्द पोरीनं अंधारात कुठंतरी बसून वाचला असेल, आणि मग वही घेऊन बसावं तसा त्याचा अर्थ लावला असेल. पण पोरीची कीव यायच्या आतच दुसरं काहीतरी वर आलं, कडू आणि गरम, आणि ते पोरीबद्दल नव्हतं.

माय खिडकीपाशी उन्हात पाय पसरून बसली होती. दीपमालानं मोबाइल तिच्यापुढं धरला.

"खोटं काहून बोललीस?"

"खोटं काय हाय त्यात? शाळा त्यानंच काढली. पाटी त्याची, गोदाम त्याचं."

"अन् पोरी कोणाच्या होत्या?"

"पोरी आपापल्या मायबापाच्या होत्या."

तुळसाबाईनं पाय आखडून घेतले. म्हातारीचा आवाज चढला नाही. "मी मास्तरीण होती असं सांगतलं असतं, तं पोरगी म्हणन, मंग झाडू काहून मारत होती? काय सांगू तिले? गोदामात गेली तवा समजलं नाई, समजलं तवा तू पोटात होती, असं सांगू? शिपाईण होती म्हटलं का कोणी कायी इचारत नाई. म्हणतात, बाई इमानदार होती. मले तेवढं पुरते."

"मले नाई पुरत."

"तुले कायले पुरन. शाळेची घंटी वाजवून भेटलेल्या पगारावर तू शिकली, आता तुलेच घंटीचा आवाज सहन होत नाई."

इतकं बोलून माय खिडकीबाहेर पाहायला लागली. दीपमाला आत येऊन खुर्चीवर बसली. जन्मभर तिला वाटत होतं की मायनं पंजाबरावाचा राग गिळला आहे, तोंडातच धरून ठेवला आहे, आणि तो एक दिवस आपण तिच्यावतीनं थुंकू. गिळलेलं कधीचंच पचलं होतं. मायनं पंजाबरावाला मोठा माणूस म्हटलं होतं, स्वतःच्या पलंगावर बसून, कोणी बळजोरी केली नसताना, आणि आता ते सगळ्या जगाला दिसणार होतं. उद्या शाळेतली प्रत्येक पोर हे पान वाचेल. परीक्षेला लिहील. निबंधात घालेल. भाषणात तुळसाबाई नावाची एक प्रामाणिक सेविका येईल, हातात झाडू घेऊन, आणि लोक टाळ्या वाजवतील. पंजाबरावानं मायला एकदा गोदामाच्या दाराशी उभं केलं होतं. आता पानाच्या दाराशीही तीच उभी, पुन्हा त्याचीच साक्ष द्यायला. दीपमालाला मायचा इतका राग आला की तो राग आहे हे ओळखायलाही तिला वेळ लागला.

सगळ्या पानावर मायचं नाव त्या एकाच ओळीत होतं. मास्तरीण म्हणून नाही, तर शिपाईण म्हणूनही नाही, असं दीपमालानं ठरवलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं, ओळ काळी झाली, आणि तिनं ती खोडली. कारणाच्या जागी लिहिलं, साक्षीदार विश्वासार्ह नाही.

तिला वाटलं होतं, रविवार आहे, पोर शेतात बापाला मदत करत असेल, दुपारपर्यंत तरी कळणार नाही. पण पोर जागीच होती. चहा उकळायच्या आत ओळ जागेवर आली. कारणही होतं, आणि या वेळी त्यात नम्र विनंती नव्हती. 'माझ्या आजीचं नाव पुसू नका. ती या शाळेत शिपाई होती. तिचं नाव कुठंच नाही, फक्त इथं आहे.'

दीपमाला ते वाचत राहिली. चहा उतू गेला आणि वास आला तेव्हा माय बाहेरून म्हणाली, काय वाचून राह्यली एवढं. दीपमालानं गॅस बंद केला आणि जे लिहिलं होतं ते तसंच्या तसं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. मायनं ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिचे ओठ दीपमालाच्या आवाजाबरोबर हलत होते.

"ठेवलं ना पोरीनं माह्यं नाव?"

"ठेवलं," दीपमाला म्हणाली, आणि तिनं ते पुन्हा खोडलं.